घर्षणाची मोजदाद करणारा अभियंता : कूलॉम

विद्युतभाराचे एकक म्हणून कूलॉम हे नाव आपल्या बहुतेक माजी विद्यार्थ्यांनी पाठ केलेले असेल. परंतु विजेकडे वळण्यापूर्वी याच गृहस्थांनी ओझ्याने लादलेले लाकडी घसरते ओढून पाहण्यात बराच काळ वेचला होता, हे पाठ्यपुस्तक सांगत नाही. मी भाषेची शिक्षिका; बदली तासाला गेले असता एका मुलीने विचारले, की जड कपाट हलेपर्यंत इतका जोर का लागतो आणि एकदा हलले की ते सहज कसे सरकते? त्या प्रश्नामुळे मी कूलॉम यांच्या चरित्रापर्यंत पोहोचले.

शार्ल ऑगुस्तँ द कूलॉम यांचा जन्म १४ जून १७३६ रोजी फ्रान्समधील अंगुलेम येथे झाला. मेझिएरच्या लष्करी अभियांत्रिकी विद्यालयातून ते १७६१ मध्ये बाहेर पडले आणि १७६४ मध्ये कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावर किल्ला बांधण्यासाठी रवाना झाले. तेथील आठ वर्षांत त्यांना वारंवार आजारपण आले; प्रकृती पुढे कधी पूर्ववत झाली नाही. मात्र दगडमातीशी झुंजताना एक सवय जडली. सिद्धान्त पुस्तकात कितीही शोभला, तरी तो खऱ्या आकाराच्या वस्तूंवर पडताळून पाहायचा.

ही सवय १७७९ मध्ये रोशफोर येथे कामी आली. तेथे आरमारी गोदी होती. घर्षण आणि दोरांचा ताठपणा या विषयावर पॅरिसच्या विज्ञान अकादमीने पारितोषिक जाहीर केले होते. घर्षण हे भाराच्या प्रमाणात वाढते, स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हे गियोम आमोंतों यांनी १६९९ मध्येच मांडले होते. कूलॉम यांनी गोदीत मोठे टेबल उभारले, ओकच्या फळ्यांवर वजनांनी लादलेले घसरते ठेवले आणि कप्पीवरून सोडलेल्या दोराला वजने टांगून ते ओढून पाहिले.

त्यांच्या मोजमापांत दोन निरनिराळी घर्षणे स्पष्ट दिसली. वस्तू स्थिर असताना तिच्यावर लागणारे स्थितिक घर्षण हे आपल्या जोराइतकेच असते. आपण थोडे ढकलले तर थोडे, अधिक ढकलले तर अधिक. त्याला एक कमाल मर्यादा असते. ती ओलांडली की वस्तू सुटते आणि पुढे जे सरकते घर्षण उरते ते सहसा त्या मर्यादेपेक्षा कमी असते. ओकवर ओक घासताना हा फरक फारच मोठा आढळला. कोरड्या धातूवर धातू ठेवला असता तो नगण्य होता. सरकण्याचा वेग बदलला तरी घर्षण फारसे बदलत नाही, हेही त्यांनी नोंदवले.

त्याहून नवलाची गोष्ट विश्रांतीची. घसरते फळीवर काही सेकंद ठेवून ओढले तर कमी जोर लागे, काही मिनिटे ठेवले तर अधिक. मग वाढ थांबे. लाकूड व धातू यांच्या जोडीत ती वाढ कित्येक दिवस चाले. लाकडाचे तंतू ब्रशच्या केसांप्रमाणे एकमेकांत अडकतात, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. आज शास्त्रज्ञ वेगळे सांगतात : दोन पृष्ठभाग खरे पाहता अगदी थोड्या सूक्ष्म उंचवट्यांवरच टेकतात आणि काळाबरोबर तो खरा स्पर्श वाढत जातो. स्पष्टीकरण बदलले, मोजमाप मात्र टिकले.

चालताना आपले पाऊल टेकलेल्या क्षणी जमिनीवर स्थिर असते, म्हणून आपल्याला पुढे नेते ते स्थितिक घर्षणच. बसची चाके फिरती ठेवून ब्रेक लावल्यास हेच घर्षण कामी येते. चाके अडकून घसरू लागली की पकड कमी होते. मुलांना दुचाकी देणाऱ्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे.

१७८१ मध्ये ते पारितोषिक कूलॉम यांना मिळाले आणि त्याच वर्षी अकादमीचे सदस्यत्वही. पण स्पष्टवक्तेपणाची किंमतही मोजावी लागली. ब्रिटनीतील कालव्यांच्या योजनेविरुद्ध अहवाल दिल्यानंतर १७८३ मध्ये त्यांना काही दिवस तुरुंगात राहावे लागले. पुढे त्यांचेच म्हणणे योग्य ठरले, तेव्हा त्यांनी भेट म्हणून केवळ सेकंदकाट्याचे घड्याळ स्वीकारले आणि ते प्रयोगांत वापरले, असे सांगतात. विद्युत व चुंबकत्वावरील त्यांचे प्रसिद्ध निबंध १७८५ नंतरचे.

राज्यक्रांतीच्या धामधुमीत ते पॅरिस सोडून ब्लोआजवळ राहिले. १८०२ मध्ये त्यांची सार्वजनिक शिक्षणाचे महानिरीक्षक म्हणून नेमणूक झाली. खालावलेल्या प्रकृतीतही ते नव्या शाळांच्या उभारणीत गुंतले होते. २३ ऑगस्ट १८०६ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. आयफेल मनोऱ्यावर कोरलेल्या बहात्तर नावांत त्यांचेही नाव आहे.