डॉ. जॉन विल्सन आणि त्यांची शाळा

मुंबईच्या गिरगाव चौपाटीसमोर उभी असलेली विल्सन कॉलेजची दगडी वास्तू आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेली असेल. ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते त्यांनी मात्र ती कधीच पाहिली नाही. ती उभी राहिली १८८९ मध्ये, आणि डॉ. जॉन विल्सन त्याआधी चौदा वर्षांपूर्वीच इहलोक सोडून गेले होते. त्यांची खरी शाळा भरत होती ती गिरगावातच, अंबरोली या भागात. तिच्याभोवती एके काळी अवघी मुंबई ढवळून निघाली होती. पश्चिम भारतातील ख्रिस्ती शिक्षणसंस्थांचा इतिहास पाहू जाता या पुरुषाला वळसा घालून पुढे जाता येत नाही. आणि त्यांच्या कार्याचे मोल करू जाता सहज मान डोलवावी असेही ते प्रकरण नाही.

विल्सन यांचा जन्म ११ डिसेंबर १८०४ रोजी स्कॉटलंडच्या दक्षिण भागातील लॉडर या लहानशा गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. एडिंबरा विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. १८२८ मध्ये त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली आणि त्याच वर्षी मार्गारेट बेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. नवविवाहित दांपत्य तत्काळ हिंदुस्थानाकडे निघाले आणि फेब्रुवारी १८२९ मध्ये मुंबईस पोहोचले. विल्सन यांनी तेव्हा वयाची पंचविशीही गाठलेली नव्हती.

मुंबईत उतरल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती मराठी शिकण्याची, आणि त्यासाठी ते शहर सोडून कोकणात गेले. हर्णै आणि बाणकोट येथे स्कॉटिश मिशनची ठाणी होती. तेथे काही महिने राहून त्यांनी भाषेवर असा काही हात बसवला की वर्ष संपण्यापूर्वी ते मुंबईत परतून मराठीतून बोलू लागले. पुढे गुजराती, हिंदुस्थानी, संस्कृत आणि फारसी या भाषाही त्यांनी अभ्यासल्या. पारशी धर्मग्रंथांचे अध्ययन करताना त्यांनी अवेस्तेपर्यंत मजल मारली. ज्यांच्याशी वाद करावयाचा त्यांचे ग्रंथ मुळातून वाचावयाचे हा त्यांचा दंडक होता. तो त्यांच्या विरोधकांनाही नाकारता आला नाही.

आणि वाद त्यांनी पुष्कळ केले. १८३० पासून मुंबईत ब्राह्मण पंडितांशी त्यांच्या जाहीर चर्चा झडू लागल्या. मोरभट दांडेकर यांनी हिंदुधर्माच्या स्थापनेसाठी ग्रंथ रचला. विल्सन यांनी त्याला छापील उत्तर दिले. मग पारशी आणि मुसलमान पंडितांशीही असेच वाद झाले. छापखाना नुकता हाताशी आलेला असताना मराठी गद्याला युक्तिवादाची सवय लागण्यास हे वाद काही अंशी कारण झाले, असे म्हणणे वावगे ठरू नये. मात्र त्यातील विल्सन यांची भाषा अनेकदा कठोर आणि श्रोत्यांच्या श्रद्धेविषयी बेपर्वा होती, हेही त्यासोबत नमूद केले पाहिजे.

शाळांच्या कामाचा आरंभ मात्र पतीच्या आधी पत्नीने केला. मुंबईत अमेरिकन मिशनने मुलींची शाळा १८२४ मध्येच काढली होती. मार्गारेट विल्सन यांनी १८२९ च्या अखेरीस आपल्या शाळांना हात घातला. मुलगी शिकली तर वैधव्य येते असे समजणाऱ्या समाजात एक परकी स्त्री अर्धवट अवगत झालेल्या मराठीत घरोघरच्या आईबापांची मनधरणी करते, हे चित्र डोळ्यांसमोर आणले म्हणजे त्या कामाची कल्पना येईल. १८३२ मध्ये उभी राहिलेली त्यांची शाळा पुढे गावदेवीच्या सेंट कोलंबा हायस्कूलच्या रूपाने वाढली. मार्गारेट यांना आयुष्य थोडे लाभले. एप्रिल १८३५ मध्ये मुंबईतच त्यांचे निधन झाले. त्यांच्या बहिणींनी स्कॉटलंडहून येऊन मुलींच्या शाळांचा भार उचलला. विल्सन यांनी पत्नीचे चरित्र लिहून १८३८ मध्ये प्रसिद्ध केले. हिमालयाच्या प्रवासवर्णनासाठी नाव मिळवलेले अँड्र्यू विल्सन हे या दांपत्याचे पुत्र.

मुलांची इंग्रजी शाळा अंबरोलीस मार्च १८३२ मध्ये सुरू झाली. विल्सन कॉलेज आपले जन्मवर्ष तेच मानते. कलकत्त्यास अलेक्झांडर डफ यांनी इंग्रजीलाच सर्व शिक्षणाचा पाया केले होते. विल्सन यांचा कल निराळा होता. इंग्रजी शिकवावी, परंतु देशभाषा आणि संस्कृतादी अभिजात भाषा यांना बाजूस सारू नये, असे त्यांचे मत होते आणि शाळेची घडी त्यांनी तशीच बसवली. १८३५ मध्ये हे मिशन स्कॉटलंडच्या चर्चच्या महासभेकडे आले व शाळेला महासभेच्या विद्यालयाचे स्वरूप प्राप्त झाले. रॉबर्ट नेसबिट आणि मरे मिचेल हे त्यांचे सहकारी. नेसबिट यांचे मराठी तर विल्सन यांच्याहून सरस मानले जाई.

शाळा भरभराटीस आली असतानाच १८३९ उजाडले. त्या वर्षाच्या मे महिन्यात धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. धनजीभाईंचे वय अवघे सोळा-सतरा वर्षांचे होते. पारशी समाज खवळून उठला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले आणि न्यायालयाने मुलाला स्वतःच्या इच्छेप्रमाणे राहण्याची मुभा दिली. कोर्टात मिशनचा जय झाला, शाळेत मात्र वर्ग ओस पडले. पारश्यांनी आपली मुले काढून घेतलीच, हिंदूंनीही काढली. ज्ञान हवे, पण त्याची अशी किंमत द्यावयाची नाही, हे मुंबईच्या पालकांनी पावलांनी सांगितले. पारशी समाजाने पुढे स्वतःच्या शिक्षणसंस्था उभारल्या, त्यामागच्या कारणांत या घटनेचीही गणना केली पाहिजे.

विल्सन यांनी माघार घेतली नाही. वर्ग ओस पडले तरी त्यांनी शाळेतील धर्मशिक्षण कमी केले नाही आणि पालकांना कोणतेही वचन दिले नाही. याला निष्ठा म्हणावे की हट्ट, यावर मतभेद होऊ शकतो. प्रस्तुत लेखकाला त्यात दोन्ही दिसतात. आपण मुलांना कशासाठी शिकवतो हे त्यांनी कधी लपवले नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा. पण सोळा वर्षांच्या मुलाच्या निर्णयामागे घरातील माणसांचे काय होते, याचा विचार त्यांच्या लेखी दुय्यम होता, हेही तितकेच खरे. काही काळाने विद्यार्थी हळूहळू परतले.

हा प्रश्न पुन्हा उभा राहिला १८४३ मध्ये. विल्सन त्या वेळी इजिप्त, सिनाई आणि पॅलेस्टाइनमार्गे मायदेशी निघालेले होते व विद्यालयाची सूत्रे नेसबिट यांच्याकडे होती. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला आणि त्याचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला. या खेपेस न्यायालयाने मुलाला पित्याच्या हवाली केले. परंतु ख्रिस्ती लोकांबरोबर अन्नग्रहण केलेल्या मुलाला जातीत परत घ्यावे की नाही, यावरून मुंबईत मोठे रण माजले. मराठी वृत्तपत्राचे जनक बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्त देऊन श्रीपतीला स्वीकारावे अशी बाजू उचलून धरली आणि त्यापायी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. मिशनच्या शाळेने हिंदू समाजासमोर असा एक प्रश्न टाकला होता, की ज्याचे उत्तर त्या समाजाला स्वतःच्याच घरात शोधावे लागले. नारायण शेषाद्री पुढे तेव्हाच्या निजामी मुलखातील जालना येथे गेले आणि त्यांनी बेथेल ही वसाहत वसवली.

त्याच १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. विल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या फ्री चर्चची बाजू घेतली. त्याचा अर्थ असा, की विद्यालयासाठी उभारलेली नवी इमारत जुन्या चर्चकडे सोपवून रिकाम्या हाताने बाहेर पडावयाचे. शिक्षक आणि विद्यार्थी एवढेच भांडवल घेऊन विद्यालय दुसऱ्या जागी गेले. इमारत गेली तरी शाळा टिकली.

विल्सन १८४७ मध्ये मुंबईस परतले, ते दुसऱ्या पत्नी इझाबेला यांच्यासह. आपल्या बेळगावच्या वाचकांना जवळचे वाटेल असे एक नाव याच काळात विद्यालयात येते. बेळगावात १८३१ मध्ये जन्मलेले आणि तेथील लंडन मिशनच्या शाळेत शिकलेले बाबा पदमनजी मुंबईस येऊन या फ्री चर्चच्या विद्यालयात दाखल झाले. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो मात्र १८५४ मध्ये, बेळगावात. पुढे तीनच वर्षांनी त्यांची ‘यमुनापर्यटन’ ही विधवांच्या दुःखाची कथा प्रसिद्ध झाली आणि मराठी कादंबरीच्या इतिहासाचे पहिले पान लिहिले गेले. पुण्यात जोतीराव फुले ज्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, तीही याच मिशनच्या शाखांपैकी एक होती.

विल्सन यांचा व्यासंग हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे थोडेच सांगतो. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे ते अनेक वर्षे अध्यक्ष होते. गिरनारच्या अशोककालीन शिलालेखाचे कापडावर घेतलेले ठसे त्यांच्याच खटपटीने प्रिन्सेप यांच्या हाती पडले आणि ब्राह्मी लिपीच्या उलगड्यानंतर त्या लेखाचे वाचन शक्य झाले. लेण्यांच्या पाहणीसाठी १८४८ मध्ये नेमलेल्या मंडळाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. मोल्सवर्थ यांच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती ज्यांच्या हाताखाली असेल, त्यांना तिच्या आरंभी मराठी भाषेवरील विल्सन यांचे विवेचन सापडेल. त्याच वर्षीच्या उठावात सरकारने पकडलेली गुप्त लिपीतील पत्रे त्यांच्याकडून वाचून घेतली. विद्वत्तेचा हा उपयोग आज वाचताना मन थोडे अडखळते.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले तेव्हा ते त्याच्या पहिल्या फेलोंपैकी एक होते. त्यांचे विद्यालय १८६१ मध्ये विद्यापीठाशी संलग्न झाले आणि १८६८ मध्ये ते स्वतः कुलगुरू झाले. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी आपल्यासोबतचे चुमा आणि विकातानी हे दोन आफ्रिकी मुलगे याच विद्यालयात शिकण्यास ठेवले होते. त्यांपैकी चुमा याने पुढे सुसी या सोबत्यासह लिव्हिंग्स्टन यांचा मृतदेह आफ्रिकेच्या अंतर्भागातून समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणला.

हिंदुस्थानात येऊन चाळीस वर्षे झाल्यानिमित्त मुंबईच्या नागरिकांनी १८६९ मध्ये त्यांचा सत्कार करून मोठी रक्कम अर्पण केली. एके काळी ज्यांच्या शाळेतून मुले काढून घेतली, त्यांनाच हा मान मिळत होता. विल्सन यांनी मूळ रकमेला हात लावला नाही, केवळ व्याज वापरले. १८७० मध्ये फ्री चर्चच्या महासभेचे अध्यक्षपद भूषवण्यासाठी ते मायदेशी गेले खरे, पण तेथे राहिले नाहीत. मुंबईस परतले आणि १ डिसेंबर १८७५ रोजी मलबार हिलवरील आपल्या घरी त्यांनी देह ठेवला.

त्या सत्काराच्या निधीतून विद्यापीठात भाषाशास्त्रावरील व्याख्यानमाला सुरू झाली. १८७७ मध्ये तिचे पहिले व्याख्याते म्हणून उभे राहिले ते रामकृष्ण गोपाळ भांडारकर, आणि विषय होता संस्कृत व तिच्यापासून निघालेल्या भाषांचा.