बापाचे मन सांगणारे कवी ‘बी’

मुंबईहून नागपूरकडे जाणारी गाडी भुसावळ मागे टाकून वऱ्हाडात शिरली, की मलकापूर लागते आणि त्यापुढे नांदुरा. आज नांदुरा हा बुलडाणा जिल्ह्यातील स्वतंत्र तालुका आहे. महामार्गालगतच्या १०५ फूट उंच हनुमान मूर्तीमुळे त्याचे नाव दूरवर पोहोचले आहे. इंग्रजी अमदानीत मात्र ज्ञानगंगेकाठचे हे गाव मलकापूर तालुक्यातच मोडत असे. या जुन्या मलकापूर तालुक्याने मराठी कवितेला एक थोर कवी दिला. जून महिन्याच्या पहिल्या दिवशी त्यांची जयंती येते आणि त्याच महिन्यातील तिसऱ्या रविवारी येणारा ‘फादर्स डे’ही आता शहरांप्रमाणे गावोगावी साजरा होऊ लागला आहे. वडिलांची आठवण काढण्याच्या या दिवसांत ज्यांचे स्मरण अगत्याने व्हावे, असे हे कवी म्हणजे ‘बी’. बापाच्या मनातले जे सहसा बोलले जात नाही, ते त्यांनी मराठीत कायमचे बोलून ठेवले आहे.

‘बीं’चे संपूर्ण नाव नारायण मुरलीधर गुप्ते. १ जून १८७२ रोजी मलकापूर येथे त्यांचा जन्म झाला. वऱ्हाड तेव्हा नावापुरता निजामाचा आणि कारभारापुरता इंग्रजांचा होता. नागपूरपर्यंतचा लोहमार्ग सुरू होऊन जेमतेम पाच वर्षे झाली होती. कापसाच्या व्यापाराने स्थानकांभोवतीची गावे वाढू लागली होती आणि इंग्रजी शिकलेल्या तरुणांना सरकारी कचेऱ्यांची दारे उघडत होती. अशा काळात नारायणाचे शिक्षण यवतमाळ आणि अमरावती येथे सुरू झाले. इंग्रजी सहावीपर्यंत ते सुरळीत चालले. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे सातवी म्हणजे मॅट्रिक. एवढी एक पायरी चढली असती, तर पुढे महाविद्यालयाचा मार्ग मोकळा होता.

ती पायरी चढण्यापूर्वीच वडिलांचे निधन झाले आणि शिक्षण तेथेच थांबले. घरचा आधार गेल्यावर मुलाने शाळा सोडून मिळेल ती नोकरी धरावी, हा त्या काळातील मध्यमवर्गीय घरांचा अलिखित नियमच होता. नारायणरावांच्याही वाट्याला तेच आले. ज्या वयात मुलगा वडिलांकडे बरोबरीच्या नात्याने पाहू लागतो, त्यांच्या कष्टांचा अर्थ त्याला उमगू लागतो, त्याच वयात त्यांचा सहवास संपला. मराठी माणसाच्या नावात मधोमध वडिलांचे नाव असते. पुढे कचेरीच्या कागदांवर मुरलीधर हे नाव नारायणरावांच्या नावासोबत उमटत राहिले.

नारायणराव लिपिक झाले. अकोला, मूर्तिजापूर, वाशीम अशा ठिकाणी बदल्या होत राहिल्या. लिपिकाच्या पगारात संसार चालतो, हौस भागत नाही. घरातल्या लहानसहान इच्छा पुढच्या महिन्यावर ढकलाव्या लागतात आणि तो पुढचा महिना नेहमीच पुढे राहतो. असे आयुष्य जगणारी असंख्य माणसे त्या वेळी वऱ्हाडात होती. त्यांच्यातीलच एक लिपिक कविताही लिहीत होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होते.

काव्यलेखनाचा आरंभ लवकर झाला होता. हरिभाऊ आपटे यांच्या ‘करमणूक’ या पत्रात १८९१ साली ‘प्रणयपत्रिका’ ही त्यांची कविता प्रसिद्ध झाली, तेव्हा ते अवघे एकोणीस वर्षांचे होते. केशवसुतांनी मराठी कवितेला नवे वळण देण्याचा तो काळ. त्या वळणावर नारायणरावही होते, पण गर्दीपासून दूर. कवींच्या मेळाव्यांत मिरवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पुढे त्यांनी ‘बी’ हे एकाक्षरी टोपणनाव घेतले. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव ही तिन्ही त्या एका अक्षराआड झाकली गेली. ‘चाफा’, ‘वेडगाणे’, ‘पिंगा’, ‘डंका’ यांसारख्या कवितांनी वाचकांना वेड लावले, तरी या अक्षरामागचा माणूस कोण, हे दीर्घकाळ कोडेच राहिले.

त्यांचा पहिला संग्रह ‘फुलांची ओंजळ’ १९३४ साली निघाला. तेव्हा कवीचे वय ६२ वर्षांचे होते. आचार्य अत्रे यांची प्रस्तावना या संग्रहाला लाभली. ‘पिकले पान’ हा दुसरा छोटा संग्रह त्यानंतरचा. सगळ्या प्रसिद्ध कविता मोजल्या, तरी त्यांची संख्या पन्नासच्या आसपास भरते. एवढ्या थोड्या लेखनावर मराठी कवितेत अढळ स्थान मिळविणारे कवी विरळाच. ‘चाफा’ पुढे वसंत प्रभू यांच्या संगीतात लता मंगेशकर यांच्या स्वराने घरोघरी गेला. मात्र बाप झालेल्या प्रत्येक माणसाला जी कविता आपली वाटते, ती म्हणजे ‘माझी कन्या’. पाठ्यपुस्तकांमुळे ती कित्येक पिढ्यांना तोंडपाठ झाली.

या कवितेतला प्रसंग अगदी घरगुती आहे. शाळेतून आलेल्या लहान मुलीचे डोळे भरलेले आहेत. सणासारख्या नटून येणाऱ्या श्रीमंतांच्या मुलींपैकी कोणीतरी तिच्या साध्या वेषावरून तिला गरिबीचा टोमणा मारला आहे. बाप तिला जवळ घेऊन समजूत घालू लागतो. पोरीबाळींचे बोलणे मनावर घ्यायचे नसते, असे सांगतो. रत्न मातीत सापडते, कमळ चिखलात उमलते, म्हणून त्यांचे मोल उणे होत नाही, असे दाखले देतो. दारिद्र्य आहे ते बापाचे. त्याचा डाग लेकीला कसा लागेल, असा त्याचा प्रश्न आहे.

येथवरचा उपदेश कोणताही सुजाण बाप करील. ‘बीं’चे वेगळेपण यापुढे दिसते. नटण्यामुरडण्याची इच्छा वाईट, असे हा बाप म्हणत नाही. ज्या आदिमायेने अवघी सृष्टी सजवली, तिचीच ती हौस मुलीच्या मनात उतरली आहे, असे तो मानतो. मुलीची मागणी रास्त आहे, हे एकदा कबूल केल्यावर त्याला स्वतःच्या असमर्थतेपासून पळता येत नाही. ज्यांच्यावर जीव जडला आहे, त्यांचे छोटेसे कोडही पुरविता येऊ नये, तेव्हा बापाचे काय होते, ते शब्दांत सांगता येत नाही, अशी कबुली तो देतो. मराठी कवितेत आईच्या वात्सल्याला तोटा नाही. बापाची ही अगतिकता मात्र क्वचितच इतकी उघडपणे आली असेल.

अखेरीस तो म्हणतो, की अशी गुणी मुले आमच्यासारख्या करंट्यांच्या घरी का पाठवतोस, हे देवाच्या दूरच्या गावी जाऊन त्यालाच विचारून येतो. त्या गावी गेलेले परत येत नाहीत, हे मोठ्यांना कळते. मुलीला कळतो तो फक्त गावाला जाण्याचा बेत. टोमणा, कपडे, आसवे सारे क्षणात विसरून ती त्याच्या गळ्यात हात टाकते आणि आपल्यालाही सोबत न्यावे, म्हणून हट्ट धरते. कविता तेथेच संपते.

रेशमी वस्त्रे देता येत नाहीत, म्हणून बाप झुरत असतो आणि मुलीला हवी असते ती त्याची सोबत. ज्या दूरच्या गावाचा उल्लेख कवितेत येतो, तेथे कवीचे स्वतःचे वडील फार लवकर निघून गेले होते आणि मागे राहिलेल्या मुलाला सोबत जाण्याचा हट्ट धरता आला नव्हता. हे मनात ठेवून कविता पुन्हा वाचली, तर तिचा शेवट अधिकच खोल जातो.

३० ऑगस्ट १९४७ रोजी, देश स्वतंत्र झाल्यानंतर पंधराच दिवसांनी, छिंदवाडा येथे ‘बीं’चे निधन झाले. मलकापूर-नांदुऱ्याच्या परिसरात आजही कापसाच्या भावावर घराची हौस अवलंबून असते आणि हंगाम फसला की लेकरांच्या वह्या-कपड्यांचा हिशेब करताना बापाचा जीव कासावीस होतो. अशा प्रत्येक बापाला ‘बीं’ची ही कविता धीर देते. आपण काय देऊ शकलो नाही, याची यादी त्याच्याकडे असते. लेकराच्या आठवणीत मात्र पुढे उरतात ते त्याच्यासोबत गेलेले दिवस.