अमोनियावर जगणाऱ्या जिवाणूंचा शोध

मत्स्यशेतीच्या टाकीत मासे दाटीने वाढवले की पाणी लवकर विषारी होते. खाद्यातील प्रथिनांपासून तयार झालेला अमोनिया मासे कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतात. रोज सगळे पाणी बदलणे परवडत नाही. म्हणून ते पाणी गाळणीतून फिरवून पुन्हा टाकीत घेतात. या गाळणीतले खरे काम प्लास्टिकच्या तुकड्यांवर चिकटलेले जिवाणू करतात. त्यांची ओळख पटवली सर्गेई विनोग्राद्स्की यांनी.

विनोग्राद्स्की यांचा जन्म 1856 मध्ये कीव्हचा. आधी कायदा, मग सेंट पीटर्सबर्गमध्ये पियानो. दोन्हींत मन रमले नाही, तेव्हा ते निसर्गविज्ञानाकडे वळले. पुढे स्ट्रासबुर्गमध्ये गंधकयुक्त पाण्यातील जिवाणूंचा अभ्यास करताना, सजीवाला केवळ खनिज पदार्थापासूनही ऊर्जा मिळू शकते हे त्यांच्या लक्षात आले. तोवर कोणी असे मानले नव्हते.

1888 मध्ये ते झुरिकला गेले. श्लोझिंग आणि म्युन्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1877 मध्येच दाखवले होते की, वाळूतून झिरपणाऱ्या सांडपाण्यातील अमोनियाचे नायट्रेट होते आणि क्लोरोफॉर्म दिल्यास ही क्रिया थांबते. म्हणजे काम कोणा सजीवाचे होते. पण तो सजीव हाती लागेना. त्या काळी जिवाणू वाढवायचे ते पौष्टिक जिलेटिनवर, आणि तिथे हे वाढतच नसत. विनोग्राद्स्की यांनी उलटा विचार केला आणि सेंद्रिय अन्न काढूनच टाकले. फक्त क्षार आणि अमोनिया असलेल्या द्रावणात जिवाणू वाढवले, मग जिलेटिनऐवजी सिलिकाची जेली वापरली. काम दोन गटांचे निघाले: एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट.

ही मधली पायरी डॉक्टरांच्याही परिचयाची आहे. नायट्राइट रक्तात गेले की हिमोग्लोबिन प्राणवायू वाहू शकत नाही. माशांचे रक्त तपकिरी पडते. नायट्रेट जास्त असलेल्या विहिरीचे पाणी पाजल्यास तान्ही बाळे निळी पडतात, तेही याच कारणाने. नव्या गाळणीत दुसरा गट उशिरा जम बसवतो, तोवर नायट्राइट चढते. म्हणून गाळणी तयार व्हायला काही आठवडे लागतात. घाई करून टाकी माशांनी भरली तर मासे मरतात. उरलेले खाद्य साचले की भराभर वाढणारे इतर जिवाणू जागा आणि प्राणवायू बळकावतात. माशांसाठी पाण्यात ओतलेली प्रतिजैविकेही या उपयोगी जिवाणूंना मारू शकतात; ती सवय वाईटच.

1891 मध्ये विनोग्राद्स्की सेंट पीटर्सबर्गच्या नव्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत गेले. 1905 मध्ये निवृत्त होऊन युक्रेनमधील आपल्या जमीनजुमल्यावर राहिले. क्रांतीनंतर ते सगळे सोडून देशाबाहेर पडावे लागले. काही काळ बेलग्रेडला शिकवले. 1922 मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेने बोलावले, तेव्हा वय पासष्ट उलटलेले. पॅरिसजवळच्या ब्री-कोंत-रोबेर गावी त्यांनी मातीतील जिवाणूंवर पुन्हा काम सुरू केले. 1953 मध्ये, 96 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

दोन गटांचा त्यांचा सिद्धांत पुढे शंभरहून अधिक वर्षे टिकला. 2015 मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांना अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचे सगळे काम एकटाच करणारा जिवाणू सापडला. तो मिळाला मत्स्यशेतीच्याच गाळणीत.