गुरुजींची दोन पुस्तकं

जानेफळला माहेरी आमच्या फळीवर साने गुरुजींची दोन पुस्तकं होती. 'श्यामची आई' वाचताना आई पदरानं डोळे पुसायची. मला मात्र 'सुंदर पत्रे' आवडायचं. पाखरं, तारे, इतिहास, सगळं त्यात गप्पा मारल्यासारखं!

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९चा, कोकणातल्या पालगडचा. १९१७ साली आई गेली तेव्हा ते शिकायला दूर होते. शेवटची भेट झालीच नाही. ती हुरहुर आयुष्यभर राहिली. पुढे अमळनेरला शिक्षक झाले, वसतिगृहातल्या मुलांची अंथरुणंसुद्धा आवरायचे. १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. 'श्यामची आई'चा बराचसा भाग त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात, थोड्याच दिवसांत लिहिला.

लग्न केलं नाही, पण मुलांसाठी लिहिणं थांबलं नाही. 'गोड गोष्टी' लिहिल्या, थोरांची चरित्रं लिहिली. पुतणी सुधाला लिहिलेली पत्रं म्हणजेच 'सुंदर पत्रे'. १९४७ साली पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं, १९४८ साली 'साधना' साप्ताहिक काढलं. इतरांना धीर देणाऱ्या या माणसानं ११ जून १९५० रोजी स्वतःच जीवन संपवलं. आजही ते वाचलं की जीव कासावीस होतो.

माझा मुलगा पुस्तकाला हात लावत नव्हता. मी नुसती रागवायचे. मग रागावणं सोडलं आणि भाकऱ्या झाल्या की रोज एक पत्र मोठ्यानं वाचू लागले. आता तोच विचारतो, आई, आजचं पत्र राहिलं ना? तुम्हीही करून बघा.