मालदीवच्या बायकांनी ज्याचा हुकूम ऐकलाच नाही, तो काझी इब्न बतूता

मोरोक्कोतल्या टँजियर शहरातून 1325 साली 21 वर्षांचा एक तरुण हज यात्रेला निघाला. तो घरी स्थायिक व्हायला जवळपास तीस वर्षं लागली. मधल्या काळात त्याने मध्य आशिया, भारत, मालदीव आणि आफ्रिका पालथी घातली. इब्न बतूता त्याचं नाव. शिक्षणाने तो इस्लामी कायद्याचा जाणकार होता. त्यामुळे जाईल तिथे तो एक गोष्ट हमखास बघायचा. इथल्या बायका कशा राहतात?

पहिला धक्का त्याला बसला तो तुर्क-मंगोल मुलुखात. उझबेक खानाच्या दरबारात पट्टराणी आली की खुद्द खान उठून पुढे जायचा आणि तिचा हात धरून तिला आसनावर बसवायचा. बाजारात बायका बुरख्याशिवाय व्यवहार करायच्या. सोबतचा नवरा इतक्या साध्या कपड्यांत असायचा की बघणाऱ्याला तो नोकरच वाटावा.

पुढे तो भारतात आला आणि दिल्लीत मुहम्मद बिन तुघलकाने त्याला काझी नेमलं. इथे त्याने सती जाताना पाहिली. ते दृश्य बघून तो घोड्यावरून पडता पडता वाचला.

दिल्ली सोडल्यावर तो पश्चिम किनाऱ्याने होन्नावरला पोचला. तिथल्या सुलतानाच्या गोव्यावरच्या मोहिमेतही तो सामील झाला. होन्नावरच्या बायका न शिवलेलं एकच लांब वस्त्र नेसायच्या आणि त्याचाच पदर डोक्या-खांद्यावरून घ्यायच्या. नाकात सोन्याचा दागिना असायचा. त्याला खरं कौतुक वाटलं ते मात्र वेगळ्याच गोष्टीचं. तिथल्या मुस्लिम बायकांना कुराण तोंडपाठ होतं. गावात मुलांच्या 23 शाळा होत्या, आणि मुलींच्या 13. ही गोष्ट चौदाव्या शतकातली आहे.

मग आलं मालदीव. तिथे गादीवर चक्क एक स्त्री होती, राणी खदीजा. कारभार प्रामुख्याने तिच्या वजीर नवऱ्याच्या हाती असला, तरी हुकूम तिच्या नावाने निघायचे. इब्न बतूता तिथेही काझी झाला. बेटांवरच्या बायका कमरेच्या वर काही नेसत नसत. काझीसाहेबांनी अंग झाकायचा हुकूम काढला. तो कुणीच मानला नाही. शेवटी दाद मागायला समोर येणाऱ्या बाईने तरी अंग झाकून यावं, एवढ्यावर त्याला समाधान मानावं लागलं.

त्याने स्वतः मालदीवमध्ये अनेक लग्नं केली. बेटावरच्या बायका मुलूख सोडून जात नसत, म्हणून निघताना त्याने तलाक दिले. काही काळाने तो परत आला तेव्हा त्याला तिथे झालेला मुलगा साधारण दोन वर्षांचा होता. त्याला बघून, आईपाशीच ठेवून, तो पुन्हा निघून गेला.

शेवटचा मोठा प्रवास 1352 मध्ये, सहारा ओलांडून मालीच्या राज्यात. वलाता गावात वारसा मुलाला नाही, तर बहिणीच्या मुलाला मिळायचा. अशी रीत त्याने याआधी मलबारात पाहिली होती. वलातात बायकांना परके पुरुष मित्र असायचे आणि नवऱ्यांना त्याचं काहीच वाटत नसे. ओळखीच्या एका माणसाची बायको घरातच मित्राशी गप्पा मारत बसलेली पाहून इब्न बतूता उठून गेला. त्या माणसाने पुन्हा पुन्हा बोलावलं, तरी तो परत गेला नाही. विशेष म्हणजे ही माणसं नमाज चुकवत नसत आणि धर्मशास्त्रही शिकत असत. धर्म एकच असला तरी गावोगावच्या चालीरीती किती वेगळ्या असतात, हे इथे दिसतं.

मोरोक्कोच्या सुलतानाच्या आज्ञेवरून त्याने या आठवणी सांगितल्या आणि इब्न जुझय्य या लेखकाने त्या लिहून काढल्या. 1355 मध्ये पूर्ण झालेला हा ग्रंथ ‘रिहला’ म्हणून ओळखला जातो.

यात एक गोष्ट खटकते. राण्यांची नावं तो आवर्जून सांगतो. पण त्याच्या स्वतःच्या बहुतेक बायका आणि सोबतच्या गुलाम स्त्रिया या ग्रंथात निनावीच राहतात. तरीही, न आवडलेल्या गोष्टी त्याने लपवल्या नाहीत. त्याला न जुमानणाऱ्या बायका आज आपल्याला माहीत आहेत, त्या त्याच्यामुळेच.