सहा स्विचचा अटारी आणि कुत्र्याचा पंजा

समजा, तुमच्यासमोर टेबलावर दोन जुने अटारी व्हिडिओ गेम ठेवलेत. दोन्ही काळे, दोन्हींना पुढे लाकडासारखी पट्टी, वर सहा चंदेरी स्विच. यातला १९७७चा पहिलावहिला कोणता, ओळखा!

सोपं आहे. दोन्ही हातात घेऊन बघा, जड लागेल तो. त्याच्या तळाचं प्लास्टिक भलतंच जाडजूड असतं, कोपरे गोलसर असतात. कॅलिफोर्नियातल्या सनीवेलमध्ये बनलेला हा ‘हेवी सिक्सर’. पुढे काम हाँगकाँगला गेलं, प्लास्टिक पातळ झालं, तो ‘लाइट सिक्सर’. १९८० मध्ये वर चारच स्विच उरले. खेळ सोपा हवा की अवघड हे ठरवणारे दोन मागच्या बाजूला गेले. १९८२ मध्ये लाकडी पट्टीही गेली, आणि ‘अटारी २६००’ हे नावसुद्धा तेव्हाच मिळालं.

आता स्क्रू काढून आत डोकावा. या सगळ्यांत टीआयए नावाची तीच एक चिप सापडेल. तिच्यामागचं मुख्य डोकं होतं जे मायनरचं. हे नाव यातल्या एकाही खोक्यावर नाही.

जे १९३२ मध्ये ॲरिझोनातल्या प्रेस्कॉटला जन्मला. तरुणपणी अमेरिकेच्या तटरक्षक दलात होता, मग १९५८ मध्ये बर्कलीतून इंजिनिअर झाला. त्यानंतर एका चिप कंपनीतून दुसरीत असं करत अटारीत पोचला. तिथे त्याच्यासमोर वेगळाच पेच होता. मेमरी महाग होती आणि यंत्र घरोघरी परवडायला हवं होतं. त्यामुळे अख्ख्या अटारीत मेमरी किती? १२८ बाइट! मराठीत मेसेज टाइप केलात तर जेमतेम चाळीसेक अक्षरं-चिन्हं मावतील, बस्स.

एवढ्याशा जागेत पूर्ण चित्र साठवणं अशक्यच. मग जे आणि त्याचा तरुण सहकारी जो डिक्युअर यांनी चित्र साठवायचंच नाही असं ठरवलं. टीव्ही तसाही चित्र एकेक ओळ करून काढतो. चिपनं फक्त चालू ओळ सांभाळायची, पुढची ओळ सुरू व्हायच्या आत प्रोग्रॅमनं तिला नवी माहिती पुरवायची. टीव्हीशी सतत शर्यत! चिपला माहीत होते दोन खेळाडू, दोन क्षेपणास्त्रं आणि एक चेंडू. ती मुळात बनली होती चेंडू टोलवण्याच्या आणि रणगाड्यांच्या खेळांसाठी. पण खेळाडूच्या आडव्या तीन नकला काढायची सोय तिच्यात होती. दोन गुणिले तीन, म्हणून अटारीवरच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये एका ओळीत सहा परग्रहवासी दिसतात. मला तर हे गणित कळल्यावर तो खेळ आणखीच आवडायला लागला.

अटारीत बनवणाऱ्याचं नाव खेळावर टाकायची पद्धत नव्हती. त्याला वैतागून चार प्रोग्रॅमर १९७९ मध्ये बाहेर पडले आणि ॲक्टिव्हिजन उभी राहिली. जेचं भांडण वेगळं होतं. त्याला मोटोरोलाच्या नव्या ६८००० प्रोसेसरवर दमदार कॉम्प्युटर बनवायचा होता, वरचे तयार होईनात. त्यानंही अटारी सोडली आणि काही काळ चक्क पेसमेकरच्या चिप केल्या.

१९८२ मध्ये त्याला स्वतःची टीम मिळाली. तिनं घडवलेला ॲमिगा कमोडोर कंपनीनं १९८५ मध्ये बाजारात आणला. जेची कुत्री मिची रोज त्याच्यासोबत ऑफिसला यायची.

किडनीच्या आजारानं जेला जवळपास आयुष्यभर छळलं. डायलिसिस चालायचं, बहिणीनं स्वतःची एक किडनीही दिली. २० जून १९९४ रोजी, वयाच्या ६२व्या वर्षी तो गेला. त्याच्या दोनच महिने आधी कमोडोरचं दिवाळं निघालं होतं.

तर, जुना ॲमिगा कधी हाती लागला तर त्याचं झाकण उघडा. आतल्या बाजूला प्लास्टिकमध्ये उमटवलेल्या टीमच्या सह्या दिसल्या, त्यात जेची सही आणि मिचीच्या पंजाचा ठसा असला, की समजा तो पहिला, ॲमिगा १०००. पुढच्या ॲमिगा ५०० मध्ये तो पंजा नाही.