उष्णतेचा अभ्यासक, चलचित्रांचा पूर्वज : झोझेफ फूर्ये

ताडोबाच्या पाणवठ्यावर वाघ उतरला की जिप्सींमधील पर्यटकांचे कॅमेरे एकाच वेळी त्याच्यावर रोखले जातात. वाघाचे ते मिनिटभराचे चालणे नखाएवढ्या कार्डात जाऊन बसते आणि घरी परतल्यावर पडद्यावर पुन्हा जिवंत होते. एवढे मोठे दृश्य एवढ्या छोट्या जागेत मावते ते गणिताच्या बळावर. त्या गणिताचा पाया ज्यांनी घातला, त्या झां बातीस्त झोझेफ फूर्ये यांचे निधन छायाचित्रणकला जगासमोर जाहीर होण्याच्या नऊ वर्षे आधीच झाले होते. त्यांना आयुष्यभर छळणारे कोडे चित्राचे नव्हतेच. ते होते उष्णतेचे.

फूर्ये यांचा जन्म २१ मार्च १७६८ रोजी फ्रान्समधील ओसेर या गावी एका शिंप्याच्या घरी झाला. वयाची दहा वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास आई-वडील दोघांचेही छत्र हरपले. बेनेडिक्टाइन धर्मगुरूंच्या देखरेखीखालील गावच्या लष्करी शाळेत त्यांना प्रवेश मिळाला आणि तेथेच गणिताची गोडी लागली. तोफखान्यात अधिकारी व्हावे, ही त्यांची इच्छा होती. मात्र त्या काळी ती वाट उमरावांच्या मुलांनाच मोकळी असे. बुद्धी असूनही कुळ आडवे आले. निरुपायाने १७८७ मध्ये त्यांनी मठाचा रस्ता धरला. संन्यासदीक्षेच्या उंबरठ्यावर असतानाच १७८९ ची राज्यक्रांती झाली आणि मठ मागे पडला.

ओसेरला परतून त्यांनी अध्यापन सुरू केले. क्रांतीच्या समतेच्या विचाराने भारावून ते स्थानिक क्रांतिसमितीत गेले. परंतु क्रांतीने लवकरच आपल्याच माणसांना गिळायला सुरुवात केली. १७९४ मध्ये फूर्ये यांना अटक झाली. त्या दिवसांत अशी अटक म्हणजे गिलोटिनची पहिली पायरी होती. जुलैअखेर रोबेस्पिअरचाच शिरच्छेद झाला आणि फूर्ये यांची सुटका झाली. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये लाग्रांज, लाप्लास आणि मोंज अशा गुरूंपुढे बसण्याचे भाग्य त्यांना लाभले. १७९७ मध्ये तर एकोल पॉलिटेक्निकमधील लाग्रांज यांचेच अध्यापनपद त्यांच्याकडे आले.

१७९८ मध्ये नेपोलियनने इजिप्तवर स्वारी केली, तेव्हा सैन्यासोबत विद्वानांचा मोठा ताफाही नेला. त्यात फूर्ये होते. कैरोत स्थापन झालेल्या विद्वत्संस्थेचे ते सचिव झाले. १८०१ मध्ये मायदेशी परतल्यावर पुन्हा अध्यापनात रमण्याची त्यांची इच्छा होती. पण नेपोलियनने त्यांना ग्रनोबलला इझेर प्रांताचा प्रशासक म्हणून पाठवले. दलदलीचा निचरा करणे, आल्प्स ओलांडून तुरीनकडे जाणाऱ्या रस्त्याचे काम पुढे नेणे, अशी कामे त्यांनी निष्ठेने केली. या सरकारी रहाटगाडग्यातून उरणाऱ्या वेळात त्यांचे उष्णतेवरील संशोधन चालू होते.

लोखंडाची सळई एका जागी तापवली, तर उष्णता तिच्यात कशी पसरत जाईल, हा त्यांचा प्रश्न वरवर साधा होता. त्याच्या उत्तरासाठी त्यांनी एक विलक्षण कल्पना मांडली. सळईवरील तापमानाचे चढउतार कितीही वेडेवाकडे असोत, ते लहानमोठ्या लयबद्ध लहरींची बेरीज म्हणून मांडता येतात. मग प्रत्येक लहरीचा हिशेब स्वतंत्रपणे करायचा आणि शेवटी साऱ्यांची बेरीज करायची. या हिशेबातून आणखी एक गोष्ट दिसली. बारीक, दाट लहरी झपाट्याने विरतात. रुंद, संथ लहरी दीर्घकाळ टिकतात.

२१ डिसेंबर १८०७ रोजी हा प्रबंध पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे आला. परीक्षकांत त्यांचे गुरूच होते. अणकुचीदार कोपरे असलेला आकार गुळगुळीत लहरींपासून तयार होईल, हे लाग्रांज यांना मुळीच मान्य झाले नाही. प्रबंध प्रसिद्ध झाला नाही. पुढे याच विषयावर स्पर्धा जाहीर झाली. १८१२ मध्ये पारितोषिक फूर्ये यांनाच मिळाले; मात्र सिद्धतेत काटेकोरपणा नाही, असा शेराही सोबत आला आणि छपाई पुन्हा राहिली.

दरम्यान राजकारणाची चक्रे फिरली. नेपोलियनच्या पाडावानंतर फूर्ये यांचे पद गेले. १८१६ मध्ये विद्वत्सभेने त्यांची निवड केली, तर राजा अठराव्या लुईने ती नामंजूर केली. पुढच्या वर्षी सभेने त्यांना पुन्हा निवडले आणि या वेळी ती निवड टिकली. १८२२ मध्ये ते सभेचे कायम सचिव झाले आणि त्याच वर्षी उष्णतेवरील त्यांचा ग्रंथ अखेर छापून आला. पहिल्या प्रबंधानंतर पंधरा वर्षे उलटली होती. गुरूंची शंका अगदीच निराधार नव्हती. कोणत्या अटींवर ही बेरीज खरी ठरते, याची काटेकोर सिद्धता १८२९ मध्ये डिरिक्ले या तरुण गणितज्ञाने दिली. त्यानंतर वर्षभरातच, १६ मे १८३० रोजी, अविवाहित राहिलेल्या फूर्ये यांचे पॅरिसमध्ये निधन झाले.

कॅमेऱ्यापर्यंत ही लहर पोहोचायला दीड शतक लागले. चित्र म्हणजे उजेड-अंधाराचे चढउतार. तेव्हा त्याचीही लहरींत फोड करता येते. मूळच्या बंगळूरच्या नासिर अहमद यांनी अमेरिकेतील कॅन्सस येथे काम करताना १९७२ मध्ये याच घराण्यातील एक नवी गणिती रीत सुचवली. कल्पना फारच साधी आहे, या कारणास्तव तिला संशोधन अनुदान नाकारण्यात आले. फूर्ये यांच्या वाट्याला आलेला नकार असा नव्या रूपात परतला! अहमद यांनी काम सोडले नाही. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह लिहिलेला त्यांचा शोधनिबंध १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९९२ च्या जेपेग मानकाचा तो कणा ठरला.

हिशेब पाहण्यासारखा आहे. ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचे, सेकंदाला ३० चित्रांचे रंगीत चलचित्र जसेच्या तसे साठवले, तर दर सेकंदाला सुमारे २.७६ कोटी बाइट लागतात. एक जीबीचे कार्ड ३६ सेकंदांतच भरते. म्हणून कॅमेरा प्रत्येक चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतो, प्रत्येक चौकोनाच्या लहरी काढतो आणि डोळ्याला न जाणवणाऱ्या बारीक लहरी टाकून देतो. २००० च्या दशकातील अनेक छोट्या कॅमेऱ्यांमधील मोशन जेपेग पद्धतीत प्रत्येक चित्र असे स्वतंत्रपणे आवळले जाई. एमपेग-४ आणि २००३ मध्ये आलेले एच.२६४ याहून चतुर. मागच्या चित्राहून जे बदलले, तेवढेच मुख्यतः त्या साठवतात.

या युक्तीची खरी परीक्षा जंगलात होते. निरभ्र आकाश थोड्या लहरींत मावते. पण गडचिरोलीतील वाऱ्यावर हलणारे बांबूचे बेट म्हणजे बारीक लहरींचे आगर. तेथे प्रत्येक पान दर क्षणी बदलते. साठवण अपुरी पडली की पानांचा लगदा होतो, चौकोन उघडे पडतात आणि गवतातील वाघाचे पट्टे त्यात हरवतात. पट्ट्यांवरूनच वाघाची ओळख पटत असल्याने ही हानी केवळ सौंदर्याची राहत नाही. किती लहरी टाकायच्या आणि किती राखायच्या, हा निर्णय म्हणूनच मोलाचा असतो.

चंद्रपूरशी फूर्ये यांचे आणखी एक नाते जोडता येते. १८२४ मध्ये पृथ्वीच्या तापमानावर लिहिताना त्यांनी दाखवले होते, की वातावरण सूर्याची उष्णता सहज आत येऊ देते, पण जमिनीकडून परतणाऱ्या अदृश्य उष्णतेला अडवते. हरितगृह परिणामाच्या विचाराची ही सुरुवात होती. उन्हाळ्यात जेथे पारा ४५ अंशांपुढे जातो आणि कोळशावरील महाऔष्णिक वीज केंद्राची धुरांडी जेथे उभी आहेत, त्या जिल्ह्याला या विचाराचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. शिंप्याच्या पोरक्या मुलाने उष्णतेचा माग काढता काढता दोन वारसे ठेवले. एक कॅमेऱ्यात जंगल साठवतो आणि दुसरा ते जंगल राखण्याची निकड सांगतो.